हुकलेला खांब

जॉर्ज गिसिंगचं ‘बाय द आयोनियन सी’ (१९०१) हे प्राचीन ग्रीक वसाहतींच्या खुणा शोधत १८९७च्या अखेरीस दक्षिण इटलीत केलेल्या प्रवासाचं पुस्तक. मेतापोन्तोच्या देवळाचे १५ खांब त्याने जवळून पाहिले. क्रोतोनेजवळच्या हेरा-मंदिराचा एकुलता उरलेला खांब मात्र तापाने अंथरूण धरल्यामुळे दुरूनच पाहिला. माझ्या मते पुस्तकाचा जीव याच प्रकरणांत आहे. तापाच्या ग्लानीत त्याला प्राचीन जग चालतंबोलतं दिसतं. शुद्धीवर येतो तेव्हा उशाशी असतात ती गरीब खाणावळीतली माणसं. दोन्ही तो सारख्याच मायेने लिहितो. अनुवादक म्हणून इथे मला ‘भग्नावशेष’ हा शब्द जड वाटतो. त्यात मोडल्याचा शोक आधी येतो. गिसिंगला नुसता ‘अवशेष’ शोभेल: जे उरलं, ते.