वक्रोक्ति कीं उपरोध?

विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या ‘निबंधमाले’तील (१८७४-१८८१) टोमण्यांस पुणेकर रसिक सरसहा ‘वक्रोक्ति’ म्हणतात. आम्हांस हें मान्य नाहीं. दुसऱ्याच्या शब्दांचा श्लेषानें किंवा काकूनें, म्हणजे स्वरभेदानें, भलताच अर्थ घेणें ही अलंकारशास्त्रांतील वक्रोक्ति. कुंतकानें तर वक्रोक्तीस काव्याचें जीवितच मानिलें. स्तुतीच्या मिषानें केलेली निंदा ती व्याजस्तुति. उघड बोचरा टोमणा तो निव्वळ उपरोध.

हा भेद केवळ पंडिती नव्हे. लोकहितवादी व जोतीराव फुले यांच्यावरील शास्त्रीबोवांच्या प्रहारांस अलंकाराचें नांव दिलें, कीं वाचक शैलींतच रमतो. उपरोध म्हटलें, कीं तो न्याय्य होता काय, हें विचारणें त्यास भाग पडतें. टीकाकारानें संज्ञा जपून वापराव्या त्या याचसाठीं.