भीतीपोटी होणारी खरेदी : मापनीची चिकित्सा

कोविड-१९ च्या काळातील ग्राहकवर्तनाच्या अभ्यासांचा एक ठरावीक आराखडा दिसतो. एका मापनीने भीती मोजायची, दुसरीने घबराटीची खरेदी, आणि दोहोंतील सहसंबंध काढायचा. भीतीसाठी बहुधा २०२० मध्ये इराणमधील नमुन्यावर तयार झालेली सात विधानांची मापनी घेतली जाते. तळहाताला घाम येणे, झोप न लागणे, छातीत धडधडणे अशा विधानांना प्रत्येकी १ ते ५ गुण, म्हणजे एकूण ७ ते ३५. या मापनीत खरेदीचा उल्लेखही नाही, आणि तेच योग्य आहे.

अडचण दुसऱ्या मापनीत आहे. ब्राझीलमध्ये लिन्स व अकिनो यांनी २०२० मध्येच मांडलेल्या मापनीत ‘भीतीमुळे मी वस्तू साठवतो’ अशा आशयाची विधाने आहेत. कारण आणि कार्य एकाच वाक्यात बांधले गेले, की मिळणारा सहसंबंध काही अंशी प्रश्नाच्या शब्दरचनेतूनच आलेला असतो. क्रोनबाख अल्फा कितीही चांगला आला तरी तो विश्वसनीयतेबद्दल सांगतो, सप्रमाणतेबद्दल नाही. (विद्यार्थी येथे हमखास चुकतात, प्रबंधांतही ही गल्लत दिसते.)

आता भारतातील प्रसंग पाहू. २४ मार्च २०२० रोजी रात्री आठ वाजता पंतप्रधानांनी देशभर २१ दिवसांची टाळेबंदी जाहीर केली. ती मध्यरात्रीपासून लागू झाली. मधल्या चार तासांत वीस किलो पीठ घेणारा माणूस घाबरलेला होता की हिशेबी? चौघांच्या घराला रोज किलोभर धान्य धरले, तर २१ दिवसांना २१ किलो लागते. मापनी मात्र ‘नेहमीपेक्षा जास्त’ एवढेच पाहते आणि या माणसाला घबराटीच्या रकान्यात टाकते. याउलट रोजंदारीवरच्या मजुराची भीती अधिक असूनही हातात पैसा नसल्याने तो काहीच साठवू शकला नाही. त्याचे गुण कमी येतील. ऑनलाइन प्रश्नावली असेल तर तो नमुन्यात येणेही कठीण.

मास्कचे उदाहरण आणखी बोलके आहे. १३ मार्च २०२० रोजी मास्क व सॅनिटायझर जीवनावश्यक वस्तूंच्या यादीत आले. पुढे २०० मिलिलिटर सॅनिटायझरला १०० रुपयांची कमाल किंमत ठरली. ज्या घरात त्यापूर्वी मास्क कधी आलाच नव्हता, तेथे ‘नेहमीपेक्षा जास्त’ कशाच्या तुलनेत?

म्हणून खरेदी किलोत आणि दिवसांत विचारावी. घरातील माणसे, हातातील रोकड व बाजाराला जाण्याची नेहमीची वारंवारता नोंदवावी. भीती स्वतंत्रपणे मोजावी. किराणा दुकानातील उधारीची वही हे साधन अभ्यासकांनी फारसे वापरलेले दिसत नाही. संकटापूर्वीच्या व नंतरच्या नोंदी तीत एकाच हाताने, तारखेसह लिहिलेल्या असतात. रोखीची खरेदी तीत येत नाही, ही तिची मर्यादा. आणि टाळेबंदीच्या तोंडावर दुकानदाराने उधारीच बंद केली असेल, तर नेमक्या त्या आठवड्याची पाने कोरी सापडतील.