ताणाचा हिशेब आणि भाकिताचा मोह

आपल्याकडे दिवाळी अंकाच्या अखेरच्या पानांत वार्षिक राशिभविष्य छापण्याची जुनी रीत आहे. ते उघडणारा माणूस त्यात बहुधा एकच गोष्ट शोधतो : केव्हा? लग्न केव्हा जमेल, साडेसाती केव्हा संपेल. भूकंपशास्त्राकडेही आपण हाच प्रश्न घेऊन जातो आणि उत्तर मिळाले नाही की शास्त्राला अपुरे ठरवून मोकळे होतो. प्रस्तरभंगांवरील ताणाच्या अभ्यासातून भूकंपाचे अनुमान करण्याचे जे प्रयत्न झाले, त्यांची चिकित्सा म्हणूनच दोन अंगांनी करावी लागते. या शास्त्राने नेमके काय सांगितले हे एक. आणि आपण त्याला काय विचारले, हे दुसरे.

भूकवचाचे दोन तुकडे ज्या भेगेपाशी एकमेकांना घासून सरकतात तो प्रस्तरभंग, रोजच्या बोलण्यातला फॉल्ट. पावसाळ्यात फुगून चौकटीत अडकलेल्या दारासारखी त्याची अवस्था असते. दार हलेल की नाही हे दोन गोष्टींवर ठरते : आपण किती जोराने ढकलतो आणि चौकटीने त्याला किती घट्ट धरले आहे. प्रस्तरभंगाला भूपट्ट वर्षानुवर्षे ढकलत असतात आणि घर्षण धरून ठेवते. अठराव्या शतकातील फ्रेंच शास्त्रज्ञ कुलोम यांच्या घर्षणनियमांवर हा हिशेब उभा आहे, म्हणून त्याला कुलोम ताण म्हणतात. भूकंपात भेगेचा एक भाग सरकला की तिथला ताण उतरतो. पण त्यातला काही भेगेच्या टोकांपाशी आणि शेजारच्या भेगांवर जाऊन बसतो. अशा रीतीने एक भूकंप दुसऱ्याला जवळ आणतो. काही ठिकाणी लांबवतोही.

या विचाराला सर्वांत ठळक आधार मिळाला तो तुर्कस्तानात. उत्तर अनातोलियन प्रस्तरभंग हजार किलोमीटरहून अधिक लांब, पूर्व-पश्चिम पसरलेला आहे. १९३९ च्या डिसेंबरात एर्झिंजान इथे भीषण भूकंप झाला, त्यात तीस हजारांहून अधिक माणसे गेली. त्यानंतर १९४२, १९४३, १९४४, १९५७ आणि १९६७ साली मोठे भूकंप होत गेले आणि भेग टप्प्याटप्प्याने पश्चिमेकडे तुटत आली. रॉस स्टाइन, आयकुत बार्का आणि जेम्स डिटरिच यांनी १९९७ साली या मालिकेचा ताणाच्या अंगाने हिशेब मांडला. १९३९ ते १९९२ या काळातल्या दहा भूकंपांपैकी नऊ अशा जागी झाले होते, जिथे आधीच्या भूकंपांनी ताण वाढवून ठेवला होता. पुढचा धोका कुठे, तर पश्चिमेला इझ्मितपाशी आणि पूर्वेला एर्झिंजानच्या पलीकडे, असे त्यांनी लिहिले. १९९६ पासूनच्या तीस वर्षांत इझ्मितला मोठा भूकंप होण्याची संभाव्यता त्यांनी सुमारे १२ टक्के धरली.

१७ ऑगस्ट १९९९ च्या पहाटे इझ्मितला ७.४ तीव्रतेचा भूकंप झाला. सरकारी आकड्यानुसार सतरा हजारांवर माणसे मेली. त्यानंतर हा निबंध ‘खरे ठरलेले भाकीत’ म्हणून जगभर गाजला.

इथे थोडे थांबले पाहिजे. १२ टक्के याचा अर्थ, तीस वर्षांत असा भूकंप न होण्याची शक्यता ८८ टक्के. तिथे काहीच झाले नसते, तरी त्या निबंधाला कोणी खोटे म्हणू शकले नसते. एर्झिंजानच्या पूर्वेकडच्या पट्ट्यासाठी दिलेली संभाव्यता याहून थोडी अधिक होती. तिथे तसा भूकंप अद्याप झालेला नाही आणि तेवढ्यावरून ते अनुमान चुकले असेही म्हणता येत नाही. ज्या विधानाला एक घटना खोटे पाडू शकत नाही, त्याला एक घटना खरेही ठरवू शकत नाही. दुसरा आक्षेप ‘दहापैकी नऊ’ या आकड्याला आहे. तो भूकंप होऊन गेल्यानंतर मागे वळून काढलेला आहे. भेगेचा कोणता भाग तुटला, किती सरकला, हे भूकंपानंतरच नीट कळते. उत्तर हाती असताना मांडलेले गणित आणि उत्तर माहीत नसताना मांडलेले गणित यांचे मोल सारखे नसते.

याची कठोर परीक्षा कॅलिफोर्नियात झाली होती. सॅन अँड्रियास प्रस्तरभंगावरच्या पार्कफील्ड या खेड्यापाशी १८५७, १८८१, १९०१, १९२२, १९३४ आणि १९६६ साली जवळजवळ सारख्या तीव्रतेचे भूकंप झाले. सरासरी अंतर बावीस वर्षांचे. ताण ठरावीक गतीने साठतो आणि ठरावीक पातळीला सुटतो, असे मानले की पुढचा भूकंप १९८८ च्या आसपास यायला हवा. १९९३ च्या आत तो येण्याची शक्यता ९५ टक्के सांगितली गेली. खेड्याभोवती उपकरणांचे जाळे विणले गेले. भूकंप आला तो २८ सप्टेंबर २००४ रोजी. जागा बरोबर होती, ६.० ही तीव्रताही अपेक्षेइतकी होती; वेळ मात्र अकरा वर्षांनी चुकली. आधीच्या दोन भूकंपांत भेग आग्नेयेकडे फाटत गेली होती, या वेळी वायव्येकडे. इतकी उपकरणे रोखलेली असूनही स्पष्ट अशी पूर्वखूण कोणाला दिसली नाही.

असे का व्हावे? कारण या पद्धतीने ताणातला बदल काढता येतो, एकूण ताण नाही. घागरीत आता दोन ओंजळी पाणी पडले एवढे कळते. ती आधी किती भरली होती आणि तिचा काठ कुठे आहे, ते कळत नाही. शिवाय हे बदल फार लहान असतात. बहुधा एक-दोन बारचे; आणि दहा मीटर पाण्याचा दाब म्हणजे साधारण एक बार. भूकंपात उतरणारा ताण सहसा याच्या कितीतरी पट असतो.

पाण्याचे हे माप मराठी वाचकाला थेट कोयनेपाशी नेते. १९६० च्या दशकाच्या आरंभी शिवसागर जलाशय भरू लागला आणि ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे तिथे ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला. कोयनेचे धरण शंभर मीटरहून थोडे अधिक उंच. म्हणजे तळाशी दहा बारचा भार. त्याहून महत्त्वाचे असे, की हे पाणी खडकांच्या फटींत झिरपते आणि भेगेची पकड ढिली करते. फुगलेल्या दाराच्या नेमके उलट. त्यानंतरची सहा दशके छोटे-मोठे धक्के धरणाच्या दक्षिणेकडच्या एका आटोपशीर पट्ट्यातच बसत आले आहेत आणि जलाशयाच्या वार्षिक चढ-उताराशी त्यांचे नाते दिसते. म्हणूनच तिथे तीन किलोमीटर खोल विवर खोदले गेले, कराडला त्यासाठी प्रयोगशाळा उभी राहिली. जगात इतकी सोयीची जागा क्वचितच सापडेल. तरीही जागा कळते, ऋतू थोडाफार कळतो. दिवस कळत नाही.

किल्लारीने तर या पद्धतीची दुसरी मर्यादा दाखवली. ताणाचा हिशेब करायला आधी भेग माहीत असावी लागते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे जी भेग सरकली, ती कोणत्याही नकाशावर नव्हती. आधीच्या वर्षी तिथे छोटे धक्के बसले होते, पण तो प्रदेश भूकंपाच्या दृष्टीने सर्वांत सुरक्षित वर्गात मोडत होता. हजारो माणसे मेली ती ६.२ तीव्रतेच्या, म्हणजे जगाच्या मानाने मध्यम भूकंपात. जाड दगडमातीच्या भिंती आणि त्यांवरचे माळवदाचे ओझे यांनी घात केला.

मग हे शास्त्र टाकाऊ आहे काय? त्याचे उत्तर इझ्मितनंतरच्या तीन महिन्यांत आहे. ऑगस्टच्या भूकंपाने पूर्वेकडच्या ड्युझजे भागावर ताण वाढवला आहे, असा इशारा बार्का यांनी दिला. त्याच्या आधारे अभियंत्यांनी ड्युझजेतल्या किरकोळ तडे गेलेल्या शाळा बंद करायला लावल्या. मुलांना बसवायचे कुठे, म्हणून शाळाचालकांनी विरोध केला. १२ नोव्हेंबर १९९९ रोजी तिथे ७.२ तीव्रतेचा भूकंप झाला आणि बंद ठेवलेल्या शाळांपैकी काही जमीनदोस्त झाल्या. बार्का यांनाही तारीख ठाऊक नव्हती. कुठे, एवढेच ठाऊक होते आणि तेवढे पुरले.

याची दुसरी बाजूही तुर्कस्तानातच दिसते. २००० साली याच गटातील संशोधकांनी तीस वर्षांत इस्तंबूलला जोरदार हादरा बसण्याची संभाव्यता ६२ टक्के, पंधरा टक्के इकडे-तिकडे, अशी मांडली. पूर्व अनातोलियन प्रस्तरभंगाचा धोकाही जाणकारांना अपरिचित नव्हता. तरी २०१८ साली विनापरवाना बांधकामे पैसे भरून नियमित करण्याची सवलत देशभर दिली गेली. ६ फेब्रुवारी २०२३ रोजी पूर्वेकडची भेग तुटली आणि तुर्कस्तानात पन्नास हजारांहून अधिक लोक गेले. तारखेची वाट पाहत बसण्याची किंमत ही अशी असते.

ताणाच्या नकाशांवर आक्षेप घ्यायचेच तर ते असे घ्यावेत : अनुमान भूकंपाआधी छापले होते काय? संभाव्यतेचा आकडा खोटा कशाने ठरेल, हे सांगितले होते काय? ज्या भेगा नकाशात नाहीत, त्यांचा उल्लेख केला होता काय? हे प्रश्न शास्त्रज्ञांना. आणि नकाशा हाती आल्यानंतर कोणती शाळा रिकामी केली, कोणती भिंत बांधून काढली, हा प्रश्न पालिकेला, सरकारला आणि घर बांधणाऱ्या आपल्यालाही. कोयनेच्या खोऱ्यात ‘कुठे’चे उत्तर आपल्याला १९६७ पासून ठाऊक आहे. तिथल्या शाळांच्या भिंती त्या उत्तराच्या भरवशाच्या आहेत की नाहीत, हे पाहायला कोणत्याही भाकिताची गरज नाही.