‘टू नो’ : एक क्रियापद आणि त्यावर उभा राहिलेला वाद

मंडळी, आजचा ‘नो’ नकाराचा नव्हे. ज्याच्या तोंडाशी एक मुका ‘के’ उगाच उभा असतो, तो ‘टू नो’. शाळेतल्या पोराला इंग्रजीच्या पहिल्या वर्ष-दोन वर्षांतच भेटणारं हे क्रियापद, पण तत्त्वज्ञानात त्याच्यावर कपाटंच्या कपाटं भरली आहेत.

आधी त्याची कामं बघू. माळशिरसहून अकलूजचा रस्ता माहीत असतो, तिथे ‘नो’. शेजाऱ्याला आपण ओळखतो, तिथे ‘नो’. नातीला सायकल येते, तिथे ‘नो हाऊ’. कुणाला कन्नड येतं, तिथेही ‘नो’. आणि बोलताना शब्द सुचेना की ‘यू नो’. आपण त्या जागी ‘काय आहे की’ म्हणायचो. हल्लीची पोरं मराठीतही ‘यू नो’च म्हणतात, असो.

मराठीत यातल्या एकेका कामाला वेगळा गडी आहे. माहीत असणं, ठाऊक असणं, ओळखणं, येणं, कळणं, समजणं, उमगणं. ‘ते मला माहीत आहेत, पण मी त्यांना ओळखत नाही’ हे आपण सहज बोलून जातो. आमदार सगळ्या तालुक्याला माहीत असतात; ते आपल्यातल्या किती जणांना ओळखतात, हा प्रश्न वेगळा!

ही अडचण इंग्रज तत्त्वज्ञांनाही दिसली होती. बर्ट्रांड रसेलने १९१२ साली, वस्तूची ओळख असणं आणि तिच्याविषयीचं सत्य माहीत असणं, हा फरक दाखवताना फ्रेंच आणि जर्मनकडे बोट दाखवलं, कारण तिथे दोन क्रियापदं आहेत. पुढे गिल्बर्ट राइलने १९४९च्या ‘द कन्सेप्ट ऑफ माइंड’मध्ये दुसरी रेघ ओढली : ‘अमुक असं आहे’ हे माहीत असणं वेगळं आणि अमुक करता येणं वेगळं. कौशल्य म्हणजे डोक्यात साठवलेली वाक्यं नव्हेत, असं त्याचं म्हणणं.

आता आज ज्याच्याशी मला भांडायचंय तो लेख. २००१ साली जेसन स्टॅन्ली आणि टिमथी विल्यम्सन यांनी राइलची ती रेघ पुसायला घेतली. त्यांचा आधार काय, तर इंग्रजी वाक्यरचना. ‘नो व्हेअर’, ‘नो व्हेन’, तसंच ‘नो हाऊ’. बाजार कुठे भरतो हे माहीत असणं म्हणजे एक सत्य माहीत असणं. मग पोहायचं कसं हे माहीत असणं म्हणजेही ‘पोहण्याची ही एक रीत आहे’ हे सत्य माहीत असणं. फक्त ते कृतीच्या अंगाने माहीत असावं लागतं, अशी पुस्ती ते जोडतात. माझ्या मते सगळा प्रश्न त्या पुस्तीतच लपून बसला आहे. ‘कृतीच्या अंगाने माहीत’ म्हणजे पोहता येणंच की! पुढच्या दाराने घालवलेला पाहुणा मागच्या दाराने घरात आला.

पाठीला डबा बांधून विहिरीत उतरलेलं पोर काय म्हणतं? ‘पोहायचं कसं ते मला माहीत आहे, पण पोहता येत नाही.’ या वाक्यात कुणालाही विसंगती वाटत नाही. ‘पोहता येतं’मध्ये ‘कसं’ हा शब्दच नाही. इयन रम्फिट यांनी २००३ साली फ्रेंचच्या आधारे हाच आक्षेप घेतला होता. आपली मराठी पाठ्यपुस्तकं मात्र सगळीकडे ‘जाणणे’ वापरून मोकळी होतात. ‘तो जाणतो की पाऊस पडत आहे’ असं या तालुक्यात कुणी बोलल्याचं मी ऐकलेलं नाही. इंग्रजीने एका गाठोड्यात बांधलेलं आपण तसंच बांधून घेतो, आणि आपल्याच भाषेतले भेद विद्यार्थ्याला दिसेनासे होतात. मग ‘तत्त्वज्ञान अवघड’ म्हणून तो बाक सोडून जातो.

पण थांबा, टाळ्या नकोत. शब्द वेगळे म्हणून वस्तू वेगळ्या, हेही सिद्ध होत नाही. ‘पाणी’ आणि ‘जल’ दोन शब्द, तांब्यात एकच. काही जण तर आणखी पुढे जातात. ‘मला माहीत आहे’, ‘मला येतं’, ‘मला कळतं’, म्हणजे मराठी माणूस ज्ञानाचा कर्ता होत नाही, ज्ञान त्याच्याकडे चालत येतं, केवढी ही नम्रता! अहो, ‘मला ताप येतो’ आणि ‘मला भूक लागते’ हीही तीच रचना आहे. त्यात कसली आलीय नम्रता? व्याकरणावरून तत्त्वज्ञान काढायचं नाही, हा नियम त्यांना लागू, तसा आपल्यालाही लागू.

मग भाषेचा उपयोग एवढाच, की कुठे बघायचं ते ती सुचवते. मला ती ‘कळणं’ या क्रियापदाकडे बघायला लावते. इथे बसलेल्या निम्म्या लोकांकडे ऊस आहे. ऊस पक्व झाला हे जुन्या शेतकऱ्याला कळतं. पाला पिवळा पडलेला असतो, कांडीवर टिचकी मारली तर आवाज बदललेला असतो, कांडं पेऱ्याशी मोडतं. ही लक्षणं पुस्तकातही आहेत, नवख्याला ती पाठ करून माहीतही होतात. पण फडात उभं राहून त्याला कळत नाही. म्हणजे हे नुसतं ‘माहीत असणं’ नव्हे. मग हे पोहण्यासारखं ‘येणं’ आहे का? तेही नाही. कारण कारखान्याच्या शेतकी खात्याचा माणूस येतो, रिफ्रॅक्टोमीटरवर रसाचा थेंब टाकतो, ब्रिक्स बघतो, आणि शेतकऱ्याला कळलेलं बरोबर की चूक ते ठरतं. पोहणं चांगलं-वाईट असतं, खरं-खोटं नसतं. कळलेलं मात्र खोटं निघू शकतं.

सांगता येत नाही, तरी खरं-खोटं ठरतं. राइलच्या दोन कप्प्यांत याला जागा नाही. स्टॅन्ली-विल्यम्सन यांच्या एका कप्प्यात त्याला कोंबता येईल, पण मग फडातला नवखा आणि जुना यांच्यातला फरक कुठे गेला, ते त्यांनी सांगावं. तुमच्यापैकी ज्यांचा ऊस तोडणीला आलाय, त्यांनी आता प्रश्न विचारायला सुरुवात करावी.