कबुलीची तहकुबी

जपानी मांगांचा, म्हणजे चित्रकथांचा, नाद लागलेले दोन वाचक एकत्र आले की त्यांच्यात एक पृच्छा हटकून निघते: अमुक प्रणयविनोदी कथा वाचून संपली, आता तिच्याच धर्तीची दुसरी कोणती घ्यावी? प्रश्न निरुपद्रवी दिसतो आणि उत्तरही तत्परतेने मिळते. परंतु ते देणारा बहुधा कथेची बाह्य सामग्री पाहूनच शिफारस करीत असतो. एकीत शाळेचे विद्यार्थिमंडळ असेल तर दुसरीही विद्यार्थिमंडळाचीच, एकीत लटक्या प्रेमाची बतावणी असेल तर दुसरीतही तीच, असा त्याचा हिशेब. या हिशेबाने निवडलेले पुस्तक हाती आल्यावर वाचकाचा जो हिरमोड होतो त्याचे कारण उघड आहे; त्याला जे भावले होते ते मुळात विद्यार्थिमंडळात नव्हतेच. या साहित्यप्रकाराचा प्राण विलंबात आहे, आणि दोन कथांचे गोत्र एक की भिन्न हे ठरवावयाचे असेल, तर त्यांत प्रेमाची कबुली कोणत्या कारणास्तव तहकूब होत राहते हे आधी तपासले पाहिजे, असे माझे मत आहे.

हा विलंब केवळ लेखकाच्या लहरीतून उपजलेला नाही. त्याचे मूळ जपानी साप्ताहिकांच्या व्यवहारात आहे. दर आठवड्यास वीसेक पानांचे प्रकरण द्यावयाचे, 'शोनेन जंप'सारख्या साप्ताहिकाने अंकासोबत दिलेल्या कार्डांवर वाचकांनी आपली पसंती कळवावयाची, आणि ती पसंती टिकून आहे तोवर कथेला मुदतवाढ मिळत राहावयाची, असा तेथला शिरस्ता. नायक-नायिकांनी मन मोकळे केले की कथेचे प्रयोजन संपले, अशी ज्या प्रकाराची परंपरागत समजूत, त्याला लोकप्रियतेइतका धोका दुसऱ्या कशाचाही नसतो. आपल्याकडे नाट्यशास्त्रकार भरताने हास्याची उत्पत्ती शृंगारातून सांगितली आणि शृंगाराचे संभोग व विप्रलंभ असे दोन भेद केले. या मांगांतील प्रेमिक तर पुष्कळदा एकाच वर्गात शेजारच्या बाकांवर बसलेले असतात, म्हणजे वियोगाला वस्तुतः काहीच आधार नसतो, आणि तरीही कथेचा सारा रंग विप्रलंभाचा असतो. मधला हात-दीड हात दुस्तर करून दाखविण्यात लेखकाच्या कौशल्याची खरी कसोटी लागते.

या कसोटीला आजवर सर्वांत निर्वेधपणे उतरलेली कृती म्हणून मी रुमिको ताकाहाशी यांच्या 'मेझॉन इक्कोकु'चे नाव घेईन. १९७८ मध्ये 'उरुसेई यात्सुरा' सुरू करून, परग्रहावरून आलेली लम आणि तिच्यापासून सदैव पळणारा आतारू यांच्या धुमाकुळाने ताकाहाशींनी 'शोनेन संडे'चे वाचक जिंकले होते. तेथे आतारू शेवटच्या प्रकरणातही कबुली देत नाही, आणि ते न देणे हाच त्या प्रहसनाचा परमोच्च विनोद ठरतो. परंतु १९८० साली 'बिग कॉमिक स्पिरिट्स' या प्रौढ वाचकांच्या पत्रात त्यांनी जी दुसरी कथा आरंभिली आणि १९८७ मध्ये पंधरा खंडांवर संपविली, तिच्यात तहकुबीला नैतिक कारण आहे. एका मोडकळीस आलेल्या भाड्याच्या घराची व्यवस्थापिका क्योको ही तरुण विधवा. तिच्यावर जीव जडलेला गोदाई हा प्रवेशपरीक्षेत नापास झालेला, खिशाने रिकामा आणि स्वभावाने डळमळीत असा विद्यार्थी. क्योकोने आपल्या कुत्र्याला दिवंगत पतीचे, सोइचिरोचे, नाव दिले आहे, आणि त्या नावाची हाक ऐकून प्रथम हसू येते, पुढे पुढे मात्र त्याच हाकेने घशात आवंढा दाटतो. बिऱ्हाडकरूंचा गोंधळ, साऱ्या घराला मिळून एकच टेलिफोन असल्यामुळे हुकणारे किंवा भलत्याच कानी पडणारे निरोप, कुत्र्यांना भिणारा श्रीमंत प्रतिस्पर्धी मिताका, ही सर्व यंत्रणा प्रहसनाचीच आहे. परंतु तिच्या तळाशी, मृताची आठवण न पुसता जिवंताचा स्वीकार करता येईल काय, हा प्रश्न आहे आणि त्याला उत्तर मिळावयास वर्षे लागणे स्वाभाविक आहे. कथेतला काळही प्रकाशनाच्या काळाबरोबर सरकतो. गोदाई पदवीधर होतो, नोकरीसाठी वणवण करतो, हळूहळू माणूस होतो. अखेरीस सोइचिरोच्या थडग्यापाशी तो जे बोलतो, त्यात प्रतिस्पर्ध्याला हरविल्याचा भाव लवमात्र नाही. मृताला सोबत घेऊनच तो संसाराला सिद्ध झालेला असतो. विनोदी म्हणून आरंभिलेल्या कथेला एवढी उंची गाठताना मी या प्रकारात क्वचितच पाहिले आहे.

आया नाकाहारा यांच्या 'लव्हली कॉम्प्लेक्स'मध्ये (२००१ ते २००६, सतरा खंड) कारण वरकरणी क्षुल्लक आहे: मुलगी एकशे बाहत्तर सेंटीमीटर उंच, मुलगा एकशे छप्पन्न. पण कथा ओसाकाकडची आहे. तेथील मान्झाई या द्विपात्री विनोदप्रकारात एकाने बावळट विधान करावयाचे आणि दुसऱ्याने त्याला फटकारावयाचे अशी रीत असते, आणि वर्ग या दोघांना अशाच एका प्रसिद्ध जोडीच्या नावाने ओळखतो. विनोदी जोडी म्हणून त्यांची इतकी ख्याती झालेली असते की, मुलीने गांभीर्याने केलेले निवेदनही मुलाला थट्टाच वाटते. हसविण्याच्या सवयीनेच प्रेम अडते, ही कल्पना अस्सल आहे.

याच्या उलट नाओशी कोमी यांच्या 'निसेकोई'कडे पाहावे. दोन गुंडटोळ्यांच्या वारसांनी प्रेमाची बतावणी करावयाची ही योजना चटकदार आहे, चित्रेही देखणी आहेत. परंतु कुलूप असलेले पदक, त्याच्या किल्ल्या बाळगणाऱ्या एकाहून अधिक मुली, आणि ऐन कबुलीच्या क्षणी कोणीतरी दार उघडून आत येणे, एवढ्या सामग्रीवर पंचवीस खंड निभावत नाहीत. तेथे पात्रांच्या स्वभावात अडसर नाही. तो प्रत्येक वेळी बाहेरून आणून घातलेला आहे, आणि वाचकाला ते लवकरच उमगते. देवलांच्या 'संशयकल्लोळ' नाटकातले गैरसमज पात्रांच्या संशयी प्रकृतीतून निघतात म्हणून ते आजही ताजे वाटतात. हा भेद आपल्या प्रेक्षकाला वेगळा समजावून सांगावा लागू नये.

२०१५ साली अवतरलेल्या आका आकासाका यांच्या 'कागुया-सामा' या कथेने तर विलंबालाच कथेचा जाहीर विषय केले. शिनोमिया कागुया आणि शिरोगाने मियुकी हे एकाच विद्यार्थिमंडळातले; दोघे बुद्धिमान, दोघे मानी. जो आधी कबुली देईल तो हरला, अशी दोघांची धारणा, त्यामुळे चित्रपटाला सोबत जाण्याचे निमंत्रणही मुत्सद्द्यांच्या वाटाघाटीसारखे होऊन बसते आणि अखेरीस त्या दिवसाचा जयपराजय जाहीर केला जातो. या मानाखाली आपण प्रेमास पात्र नाही अशी भीती दडलेली आहे, हे लेखकाने सावकाश उघड केले. अठ्ठावीस खंडांच्या सुमारे मध्यावर, शाळेच्या उत्सवात, ही लढाई संपते, आणि उत्तरार्धात कथेची पकड सैल होते. माझ्या मते तो गुन्हा नसून त्या युक्तीची नैसर्गिक मर्यादा आहे.

गेल्या पंधरा वर्षांत दुसरा एक प्रवाह बळावला आहे, तो तहकुबी साफ नाकारणारा. काझुने कावाहारा व आरुको यांच्या 'ओरे मोनोगातारी'त धिप्पाड, कुरूप समजला जाणारा ताकेओ आणि चिमुकली यामातो पहिल्याच खंडात एकत्र येतात, आणि उरलेल्या बारा खंडांत त्यांच्या निष्कपट आनंदाचा विनोद होतो. त्यांचा अबोल मित्र सुनाकावा हा तर मला नायकाहूनही अधिक प्रिय आहे. 'होरिमिया'त शाळेतला चेहरा आणि घरातला चेहरा यांच्यातील अंतर मिटताच प्रेम जुळते. केंजिरो हाता यांच्या 'तोनिकाकु कावाई'त विवाहच आरंभी होऊन जातो. परंतु अडथळा पुरता काढून टाकल्यावर उरलेला गोडवा काही खंडांनंतर मला अळणी वाटू लागतो. तहकुबी न नाकारता तिचीच थट्टा उडविणारी कथाही आहे. इझुमी त्सुबाकी यांच्या 'नोझाकी-कुन'मध्ये मुलीने धीर करून केलेल्या कबुलीच्या उत्तरादाखल नायक तिला आपली स्वाक्षरी देतो, कारण तो स्वतः मुलींच्या मासिकांसाठी प्रेमकथा काढणारा मांगाकार आहे आणि प्रेम ओळखण्याबाबत मात्र ठार आंधळा. या प्रकारावरची याहून चोख टीका समीक्षकालाही साधणार नाही.

तेव्हा 'कागुया-सामा' नुकतीच संपवून जो विचारतो, त्याच्या हाती विद्यार्थिमंडळाची दुसरी कथा देऊ नये. त्याला त्यातले बुद्धीचे डावपेच आवडले असतील तर सोइचिरो यामामोतो यांची 'ताकागी-सान' द्यावी. तीत शोदोशिमा बेटावरच्या शाळेत एक मुलगी शेजारच्या मुलाला वीस खंडभर चिडवते, आणि पुढे त्यांचा विवाह झाल्याचे दुसऱ्या एका पुरवणीमालिकेने आधीच सांगून टाकलेले असूनही रस उणावत नाही. मानाखालची भीती आवडली असेल तर 'मेझॉन इक्कोकु', आणि केवळ खळखळून हसावयाचे असेल तर 'नोझाकी-कुन', जिची चार चौकटींच्या पट्ट्यांची प्रकरणे कोठूनही उघडली तरी चालतात. 'मेझॉन इक्कोकु'ची इंग्रजी आवृत्ती व्हिझ या प्रकाशनसंस्थेने २०२० पासून दहा जाड खंडांत नव्याने काढली आहे. तिचे पहिले दोन खंड काहीसे गोंगाटाचे आहेत, तेवढ्यावरून ते पुस्तक परत करू नये.