हिशेब विचारायचा नाही

ब्रिटनमधल्या रेल्वेकपातीचा विषय निघाला की अर्नेस्ट मार्पल्स यांचे नाव खलनायक म्हणून येतेच. रस्ते बांधणाऱ्या कंपनीचा मालक वाहतूकमंत्री झाला, त्याने रेल्वे मोडली आणि आपल्या धंद्याला बरकत आणली, अशी ही कथा. सांगायला सोपी. पण मूळ कागद वाचत गेलो तसतशी ती मला अपुरी वाटू लागली.

ऑक्टोबर 1959 मध्ये मार्पल्स मंत्री झाले तेव्हा ‘मार्पल्स रिजवे’ या बांधकाम कंपनीचे बहुसंख्य शेअर त्यांच्याच हाती होते. 28 जानेवारी 1960 रोजी त्यांनी पार्लमेंटात निवेदन केले. ते सावकाश वाचण्यासारखे आहे. हितसंबंधांचा संघर्ष आहे, असे ते म्हणत नाहीत. तो असल्याचे भासण्याचा धोका आहे, एवढेच मान्य करतात. शेअर विकायला काढले आहेत. मात्र मंत्रिपद गेल्यावर खरेदीदारांनी मागणी केली तर त्याच किमतीला परत घ्यावे लागतील, अशी अट आहे. आपल्याकडच्या मुदतखरेदीत परत घेण्याचा हक्क विकणाऱ्याचा असतो. इथे परत गळ्यात मारण्याचा हक्क घेणाऱ्याचा! म्हणजे मंत्री असेपर्यंत कंपनीशी फारकत, पण पुढची वाट उघडी.

तरीही दंतकथेला इथे आवर घातला पाहिजे. एम-1 महामार्गाचे मुख्य कंत्राट जॉन लेंग या कंपनीकडे होते, मार्पल्स यांच्या कंपनीकडे नव्हे. आणि 1964 मध्ये मोठ्या कपाती थांबवण्याचे आश्वासन देऊन निवडून आलेल्या मजूर पक्षानेही कपात चालूच ठेवली. त्यांच्या मंत्र्यांची कुठलीही बांधकाम कंपनी नव्हती.

मग दोष कुठे शोधायचा? माझ्या मते, काय मोजायचे आणि काय विचारू द्यायचे हे ठरवण्यात.

रेल्वेचे अध्यक्षपद मार्पल्स यांनी ‘आयसीआय’ या रसायन कंपनीतले डॉ. रिचर्ड बीचिंग यांना दिले. 27 मार्च 1963 च्या बीचिंग अहवालाने 2,363 स्थानके आणि सुमारे 5,000 मैलांचे मार्ग बंद करण्याची शिफारस केली. एक तृतीयांश मार्गांवर प्रवासी वाहतूक अवघी एक टक्का, हे त्यातले गाजलेले वाक्य. आकडा खोटा नव्हे. पण वाहतुकीची पाहणी झाली ती एप्रिल 1961 मधल्या एका आठवड्याची. ईस्टर 2 एप्रिललाच होऊन गेला होता, उन्हाळी सुट्या लांब होत्या. शिवाय उत्पन्न तिकीट विकणाऱ्या स्थानकाच्या नावावर. शहरात परतीचे तिकीट काढून समुद्रकाठी गेलेला माणूस तिथल्या स्थानकाच्या हिशेबात नाहीच. बार्शी लाइटच्या छोट्या गाडीत वाढलेल्या माझ्यासारख्याला हे लगेच समजते. आषाढी सोडून भलत्याच आठवड्यात पंढरपूरची गर्दी मोजावी, तसे हे.

मात्र अहवालापेक्षा मला महत्त्वाचा वाटतो त्याआधीचा 1962 चा वाहतूक कायदा. त्यापूर्वी मार्ग बंद करण्याला हरकत घेणारे लोक तोट्याच्या आकडेमोडीवरही बोट ठेवू शकत. ससेक्समधला ब्लूबेल मार्ग 1955 मध्ये बंद केला, तेव्हा एका स्थानिक बाईंनी जुन्या कायद्यातले कलम शोधून काढले आणि 1956 मध्ये गाडी पुन्हा सुरू करायला लावली. 1958 मध्ये तो मार्ग अखेर बंद पडला, पण तोवर रेल्वेला उत्तरे द्यावी लागली. नव्या कायद्याने सल्लागार समित्यांना एकच प्रश्न ठेवला : प्रवाशांचे हाल होतील का? तोटा खरा किती, खर्च कमी करता आला असता का, हे त्यांच्या कक्षेबाहेर गेले. समितीने हालांचा अहवाल द्यायचा आणि संमतीची सही मंत्र्याने करायची.

हितसंबंध असलेल्या माणसाने लाच घेतली की नाही, यावर साठ वर्षे वाद चालला आहे. त्याच माणसाच्या कारकिर्दीत प्रवाशाचा हिशेब विचारण्याचा हक्क कायद्याने गेला, याकडे त्या मानाने कमी लक्ष गेले. एडिंबरा ते कार्लाइल हा वेव्हर्ली मार्ग मजूर पक्षाच्या राजवटीत, जानेवारी 1969 मध्ये बंद झाला, तोही याच पद्धतीने. 2015 मध्ये त्यातला एडिंबरा ते ट्वीडबँक एवढा तुकडा पुन्हा बांधून सुरू करावा लागला.