दंडक गुहेतला नऊशे वर्षांचा पाऊस

बस्तरमधल्या कांगेर खोऱ्यात दंडक नावाची चुनखडकातली गुहा आहे. तिथल्या एका ऊर्ध्वमुखी लवणस्तंभावरून इसवी सन ६०० ते १५०० या काळातल्या मोसमी पावसाचा आलेख आशिष सिन्हा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली प्रसिद्ध केला. अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेतले यादव आणि रमेश हे त्या सहकाऱ्यांपैकीच. दीर्घकाव्य वाचावं तसा हा आलेख सावकाश, परत परत वाचावा असा आहे.

आधी त्याची रचना पाहू. पावसाचं पाणी मातीतून झिरपताना तिथला कार्बन डायऑक्साइड शोषून घेतं, किंचित आम्ल होतं आणि चुनखडक विरघळवत खाली उतरतं. गुहेत थेंब पडतो, वायू निसटतो, मागे कॅल्साइटचा अतिसूक्ष्म थर उरतो. त्या थरात हलका ऑक्सिजन-१६ असतो, तसा जड ऑक्सिजन-१८ही. भरपूर पावसाच्या काळात जड ऑक्सिजनचं प्रमाण घटतं, तुटीच्या काळात वाढतं. थराचं वय कळतं ते युरेनियममुळे. युरेनियम पाण्याबरोबर येतं, थोरियम जवळजवळ येतच नाही. म्हणून थरात सापडणारं थोरियम-२३० बहुतांशी तिथेच, युरेनियमच्या ऱ्हासातून तयार झालेलं असतं. पाऊस किती आणि तो केव्हाचा, या दोन्ही प्रश्नांची उत्तरं एकाच दगडात मिळतात. या रचनेचं खरं सौंदर्य मला इथे दिसतं.

आलेखात मन गुंतून राहतं ते चौदाव्या शतकापाशी. तिथे पाऊस घटतो, आणि ही घट एखाददुसऱ्या हंगामाची नाही. ती दशकानुदशकं चालते. पंधराव्या शतकाच्या मध्याला पुन्हा तशीच ओढ दिसते. मराठी वाचक इथे थबकतोच. १३९६ पासून सुमारे बारा वर्षं चाललेला दुर्गादेवीचा दुष्काळ आपल्या परंपरेने जपून ठेवला आहे. मंगळवेढ्याची सरकारी कोठारं भुकेल्यांसाठी उघडणारे दामाजीपंतही बहामनी राजवटीतल्या पंधराव्या शतकातल्याच दुष्काळाशी जोडले जातात. बस्तर आणि मंगळवेढा यांच्यात मोठं अंतर आहे, पण दंडक गुहा मोसमी पावसाच्या मुख्य पट्ट्यात येते आणि तिथली तूट पुष्कळदा एकट्या बस्तरची नसते. कथेने भूक आणि करुणा सांभाळली; स्तंभाने त्या भुकेमागची कोरडी दशकं सांभाळली. दोन्ही शेजारी ठेवून वाचल्यावर दुर्गादेवीची बारा वर्षं अतिशयोक्ती वाटत नाहीत.

या वाचनाला मर्यादाही आहेत. ऑक्सिजनचं प्रमाण फक्त पावसाच्या मापावर ठरत नाही. बाष्प कोणत्या समुद्रातून आलं, किती प्रवास करून आलं, याचाही त्यावर ठसा असतो. कालमापनात काही वर्षं इकडेतिकडे होतात. शिवाय दुष्काळ पावसाने सुरू होत असला, तरी त्यात किती माणसं मरतात हे धान्य, वाहतूक आणि राज्यकर्ते ठरवतात. तेवढ्यासाठी बखर, फर्मान आणि लोककथेकडेच जावं लागतं.

तरीही या आलेखाचं मोल मी फार वरचं मानतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने जुळवलेली अखिल भारतीय पर्जन्यमालिका १८७१ पासून सुरू होते. या दीडशे वर्षांत लागोपाठ कित्येक दशकं मान्सून खंगलेला आपण पाहिलेला नाही, म्हणून तसं घडतच नाही असं आपण धरून चालतो. दंडकचा स्तंभ सांगतो की घडलेलं आहे. आणि तेही कारखाने नव्हते, हवेत आजच्यासारखा कार्बन नव्हता, अशा काळात. धरणांचं पाणीवाटप, उसाचं क्षेत्र, भूजलाचा उपसा ठरवताना फक्त दीडशे वर्षांचा पाऊस हिशोबात घेणं म्हणजे मान्सूनचा निम्माशिम्मा स्वभाव वगळणं. ती चूक टाळायची असेल, तर हा आलेख अभ्यासिकेतून निघून पाटबंधाऱ्यांच्या नियोजनाच्या टेबलावर यायला हवा.